त्रयस्थाचा हात

निघोजे फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. पाटीवर लिहिलेलं नाही पण सगळ्यात जास्त चालतं ते काम म्हणजे अर्ज. कुणाचा दाखला अडकलेला असतो, कुणाचा पगार, कुणाची बदली. एकोणीस वर्षं मी सरकारला "महोदय" म्हणत आले. हल्ली तो शब्द टाइप करताना तोंड कडू होतं, पण अर्जात दुसरं काही चालत नाही.

ज्योतीराम दुकानात आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा होता. बाकीची चार बोटं मुळापासून गेलेली. त्याने डाव्या हाताने पिशवीतून कागद काढले, काउंटरवर पसरले आणि म्हणाला, "ताई, सरकारकडं माझा एक कागद हाय. तो मागायचाय. कसा मागतेत ते मला ठावं न्हाई."

हा माणूस लातूर जिल्ह्यातला, औशाकडचा. बायको तनुजा आणि एक मुलगी घेऊन चाकणला आला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. कंपनीच्या गेटवर कामगार पुरवणाऱ्या एजन्सीच्या पोराने त्याच्या आधार कार्डावरचं जन्माचं साल बघितलं आणि कार्ड परत दिलं. अठ्ठावीसच्या वर घेत नाही, म्हणाला. आठ ठिकाणी हेच. छत्तिसाव्या वर्षी माणसाला म्हातारा ठरवणाऱ्या या गेटांची मला किळस येते, पण आमच्या पट्ट्यात तो नियमच आहे आणि त्यावर उपायही ठरलेला आहे. ज्योतीरामच्या मावसभावाचा मुलगा सुजित, वय तेवीस, एका पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्याला दुसऱ्या एका गोदामात बरं काम मिळालं, तसा त्याने आपला गेटपास काकाला दिला. पास रिकामा पडू द्यायचा नाही, घरातल्या कुणाला तरी द्यायचा, ही इथली रीत. सुपरवायझरला सगळं माहीत असतं. त्याला पाळीला माणूस लागतो, पासावरचा चेहरा कुणाचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

अकरा महिने ज्योतीराम सुजित होता. सुजित म्हणून हजेरी, सुजित म्हणून जेवणाचं कूपन. मार्चमध्ये कँटीनच्या फळ्यावर सुजितच्या वाढदिवसाचं नाव लागलं आणि सगळ्यांनी याच्याकडून केक कापून घेतला. "गोड लागला का?" मी विचारलं. "लागला की," तो म्हणाला, "चोवीस वर्षांचा झालो म्हणून तनुजा लई हसली."

मग प्रेस मशीन डबल पडलं, म्हणजे एकदा दाबून वर गेलेलं आपोआप पुन्हा खाली आलं. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर त्या पाळीत बंद करून ठेवला होता, कारण सेन्सर चालू असला की माल कमी निघतो. हात साच्याखाली सापडला. जीपमधून दवाखान्यात नेताना सुपरवायझर त्याला पढवत होता. दवाखान्यात स्वतःचं खरं नाव सांग आणि गावाकडं कडबाकुट्टीत हात गेला म्हण. कडबा कापायच्या त्या यंत्रात आमच्याकडे बऱ्याच जणांची बोटं जातात, त्यामुळे डॉक्टरलाही नवल वाटणार नव्हतं. तसं नाही सांगितलंस तर दुसऱ्याच्या पासावर आलास म्हणून तू आणि सुजित दोघंही आत जाल. माणूस रक्तबंबाळ, शुद्ध जेमतेम, आणि बाजूला बसून हा त्याच्याकडून खोटं पाठ करून घेतोय. ज्योतीरामने मला हे सांगितलं तेव्हा मी प्रिंटर बंद केला आणि बाहेर जाऊन पाणी प्याले. शिसारी आली मला.

त्याने तसंच सांगितलं. कंपनीने त्याला गप्प ठेवायला दोन महिने झाडूवर ठेवलं, नाव अजून सुजितच. त्या दोन महिन्यांत दिव्यांगांसाठी असलेल्या एका सरकारी संशोधन केंद्राची माणसं कारखान्यात आली. कारखान्यांत हाताला होणाऱ्या दुखापतींचा अभ्यास चालला होता. वर्षाली नावाची एक मुलगी कंपनीने दिलेल्या यादीवरून एकेकाला बोलवत होती. तिने सुजितचं नाव पुकारलं आणि हा सवयीने उठून गेला. तिने विचारलं, कसं झालं? इतके दिवस हे त्याला कुणीही विचारलं नव्हतं. याने सगळं सांगितलं, सेन्सरसकट. तिने प्रपत्रात लिहून घेतलं, हाताचा फोटो काढला. म्हणजे दवाखान्यात नाव खरं आणि अपघात खोटा, सर्वेक्षणात अपघात खरा आणि नाव खोटं.

सर्वेक्षणवाले गेले आणि आठवड्यात याला काढलं. काढलं तेही कसं, तर खऱ्या सुजितला परत बोलावून. कायम करतो अशी लालूच दाखवून त्याला त्याच प्रेसवर उभं केलं. ज्योतीरामने कामगार न्यायालयात दावा लावला. कंपनीने दोन ओळींत उत्तर दिलं: या नावाचा कामगार आमच्याकडे कधीच नव्हता, आणि दवाखान्याच्या कागदानुसार त्याचा हात कडबाकुट्टीत गेला आहे. हात प्रेसवर गेला हे सांगणारा कागद जगात एकच होता आणि तो त्या संशोधन केंद्राच्या कपाटात होता.

"तेवढा कागद मिळाला तर बास," ज्योतीराम म्हणाला. "पोरीला शाळेत विचारतेत, तुझ्या बापाचा हात कशात गेला. तिला मी कडबाकुट्टी सांगू का प्रेस सांगू?"

मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. आपल्या राज्यात तो दीडशे शब्दांत बसवावा लागतो, विषय एकच घ्यावा लागतो, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं की मागितलेली माहिती कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. त्याच महिन्यात त्या अभ्यासाच्या अहवालाचं प्रकाशन झालं होतं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर फुलपाखरू, मंचावर शाली आणि पुष्पगुच्छ. फोटो वर्तमानपत्रात होता. मी तो कापून पहिल्या अपिलाला टाचला. अपील ऐकणारे साहेब माहिती अधिकाऱ्याच्या शेजारच्याच केबिनमध्ये बसतात, डबा एकत्र खातात. तरी कात्रण बघून त्यांना काही तरी करणं भाग पडलं. मूळ कागद येऊन पाहा, असा त्यांनी आदेश दिला.

मी दुकान बंद ठेवलं आणि त्याच्याबरोबर पुण्याला गेले. एका कारकुनाने गठ्ठे आणून आपटले. "बघा आणि आवरा, मला चहाला जायचंय," म्हणाला. माणसांच्या तुटलेल्या हातांचे फोटो, दोनशेच्या वर, सुतळीने बांधलेले, वर पालीची घाण. ज्योतीराम एकेक कागद डाव्या हाताने उलटत गेला. एकशे सतराव्या प्रपत्राशी थांबला. त्याने उजवा हात त्या फोटोच्या शेजारी ठेवला. अंगठ्याखालचा जुना भाजल्याचा डागसुद्धा तोच होता. खाली वर्षालीच्या अक्षरात सगळं होतं. मशीन, पाळी, सेन्सर. आणि वर नाव सुजितचं.

आम्ही प्रत मागितली. माहिती अधिकाऱ्यांनी नाव वाचलं, मग आधार कार्ड वाचलं.

"हे तुमचं नाही."

"साहेब, हात माझाच हाय," ज्योतीराम म्हणाला आणि दाखवला.

साहेबांनी हाताकडे बघितलंच नाही. "असेल. पण नाव दुसऱ्याचं आहे. त्रयस्थ व्यक्तीची माहिती त्यांना विचारल्याशिवाय देता येत नाही. त्यांना नोटीस काढू."

नियमाने ते बरोबर होतं, तीच तर खरी चीड. समोर हात, कागदावर हात, दोन्हींच्या मध्ये वीतभर टेबल, आणि हे नियमाने बरोबर होतं. परतीच्या बसमध्ये मी भोसरी येईपर्यंत बडबडत होते. ज्योतीराम म्हणाला, "ताई, त्या साहेबाचा तरी काय दोष? मीच नाव दुसऱ्याचं लावलं." त्याच्या या समंजसपणाचाही मला राग आला.

पंधरा दिवसांनी सुजित माझ्या दुकानात आला. फाट्यावर टायपिंगचं दुकान माझं एकच आहे, त्यामुळे त्याचाही इलाज नव्हता. त्याच्या हातात संशोधन केंद्राची नोटीस होती आणि कंपनीतल्या एचआरच्या साहेबाने पेनने लिहून दिलेला मसुदा. मी वाचला. "माझ्या तुटलेल्या उजव्या हाताचे छायाचित्र व तपशील ही माझी खाजगी बाब असून ती कोणासही देण्यास माझी सक्त हरकत आहे."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. दहाच्या दहा बोटं, नखात ऑइल.

"हे मी टाइप करावं म्हणतोस?"

"ताई, मला कायम करायलेत. तीन वर्षं झाली." त्याने मान वर केली नाही. "काकाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात न्हाई. पण हे न्हाई दिलं तर मी उद्या बाहेर हाय."

"ज्या हाताने सही करणार तो हात तुटलाय म्हणून सही करणार तू. लाज नाही वाटत?"

"वाटती," तो म्हणाला. कागद उचलला आणि गेला. मोशीला जाऊन टाइप करून घेतला असं नंतर कळलं. त्याने तो स्वतः जाऊन केंद्रात दिला आणि अधिकाऱ्यासमोर त्याच उजव्या हाताने सही केली. अधिकाऱ्याने पोच दिली. तुटलेल्या हाताने माणूस इतकी झोकदार सही कशी करतो, हे त्या खोलीत कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

नकाराचा आदेश आला तो घेऊन ज्योतीराम दुकानात आला. मी एक नजर टाकली आणि काउंटरवर फेकला. झालं, संपलं, म्हटलं. दुसरं अपील पुढे आहे, पण त्याचा नंबर लागेपर्यंत तुझी मुलगी नोकरीला लागेल. त्याने कागद उचलला. तो वाचतो सावकाश, शब्दाखाली बोट धरून. गिऱ्हाइकाच्या चार झेरॉक्स काढून होईपर्यंत तो वाचतच होता.

"ताई, ह्यात प्रेस लिवलंय."

"काय?"

"हे बघा की." त्याने बोट ठेवलं. "प्रपत्र क्रमांक ११७ मधील श्री. सुजित यांच्या उजव्या हाताची चार बोटे सदर कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करताना तुटल्याची नोंद व छायाचित्र ही त्यांची वैयक्तिक माहिती असून, त्यांनी लेखी हरकत घेतल्याने..." कारखान्याचं नाव, तारीख, पाळी. खाली सही, जावक क्रमांक, गोल शिक्का. नाकारताना काय नाकारतोय ते अधिकाऱ्याने नीट, सविस्तर लिहिलं होतं. सरकारी माणसाला नकार पक्का करायचा असला की त्याची लेखणी अशी सुटते. आणि या आदेशाची अर्जदाराने प्रत काढायला कुणाचीच हरकत असू शकत नव्हती. मी त्याच्या पाच प्रती काढल्या आणि प्रत्येकीची शाई नीट उठली आहे ना ते बघितलं.

ज्योतीरामच्या वकिलांनी आदेश न्यायालयात दाखल केला आणि सुजितला साक्षीला बोलवायची मागणी केली. ज्योतीराम तारखेच्या आदल्या दिवशी सुजितच्या खोलीवर जाऊन आला. काय बोललास, मी विचारलं. "जेवलो," म्हणाला. "त्यानं भाकरी कुस्करून दिली."

तारखेला मी मागच्या बाकावर बसले होते. कंपनीचे वकील उठून म्हणाले की या आदेशाचा या दाव्याशी काही संबंध नाही, ही दुसऱ्याच कामगाराची माहिती आहे. त्यांच्या तोंडून ते गेलं आणि न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. म्हणजे तुमच्या कारखान्यात प्रेसवर एका कामगाराची बोटं तुटली हे तुम्हाला मान्य आहे, असं त्यांनी विचारलं. वकील कागद चाळायला लागले. शेवटी, त्या कामगाराच्या प्रपत्रात तशी नोंद दिसते, एवढं म्हणाले.

सुजित पिंजऱ्यात उभा होता. कंपनीचा निळा शर्ट घालून आला होता.

"या आदेशात ज्यांचा उल्लेख आहे ते सुजित तुम्हीच?" बाईंनी विचारलं.

"व्हय."

"हात दाखवा."

त्याने दोन्ही हात वर केले. पालथे केले, परत उताणे केले. एचआरचे साहेब दाराशी उभे होते, ते मोबाईल काढून बाहेर निघून गेले. ज्योतीराम बाकावर पुढे सरकून बसला होता आणि सुजितकडे नाही, जमिनीकडे बघत होता.

"बोटं तर सगळी आहेत," बाई म्हणाल्या. "मग तुमचा तुटलेला हात कुठे आहे?"

सुजितने दाराकडे बघितलं. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला.

"काकाकडं हाय," तो म्हणाला.

कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. बाईंनी ती नोंदवली आणि लघुलेखकाला सांगितलं, साक्षीदाराचं उत्तर त्यांच्याच शब्दांत घ्या.