विसातला एक

जांब समर्थाच्या देवळात आसनं शिकवणारे तयार करायचा महिनाभराचा वर्ग भरला होता. तिथं तो माझ्या शेजारी घोंगडं अंथरायचा. आम्ही एकवीस जण होतो आणि इथं शिकून प्रत्येकानं आपापल्या गावात शिकवायचं ठरलं होतं. वऱ्हाडातून आलेले गुरुजी आसनांची संस्कृत नावं सांगत. ती याच्या तोंडात बसत नसत. मयूरासनाला तो सरळ ‘मोर’ म्हणायचा, पण करायला लागला की बिलकुल हलायचा नाही.

त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. सकाळी रांगा लागल्या की तो उभा राहून आम्हाला मोजायचा. "पुरा वीस. बराबर," असं म्हणून मगच खाली बसायचा. स्वतःला कधी धरायचा नाही. मला या मोजण्याचा राग यायचा. आम्ही काय मेंढरं होतो?

परीक्षेच्या दिवशी, शीर्षासन काही जमत नाही म्हणून, मी कुणाला न सांगता वळकटी उचलली आणि गावची वाट धरली. कोसभर गेलो असेन, तोच हा मागून धापा टाकत आला. माझी वळकटी त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि माघारी वळला.

"अरे, पहिली पाळी तुझीच होती ना?" मी मागून ओरडलो. "तुझ्या परीक्षेचं काय?"

"परीक्षा कुठं पळून चालल्ती?" तो न थांबता म्हणाला. "पळून तर तू चालल्ता. चल जल्दी."