दगडूमामाचा हात आणि गयामावशीची मूठ

आमच्या घरात चार माणसं जेवायला बसली, की तिसऱ्या घासाला दगडूमामाचा विषय निघतो आणि त्याच्या पाठोपाठ गयामावशीचा. सगळे किस्से पाठ झालेत, तरी कुणाच्या तरी तोंडून एखादा नवा येतोच. दोघं सख्खे भाऊ-बहीण. मामा पूर्णा जंक्शनवर गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन, मावशी ताडकळसला शाळेत मास्तरीण. मामाच्या हातात काही टिकायचं नाही आणि मावशीच्या हातून काही सुटायचं नाही. माझं मन कायम मामाकडं. शाळेची पुस्तकं मात्र मावशीनं घेऊन दिलेली, हेही सांगून टाकतो.

रेल्वेनं मामाला थंडीसाठी जाड कोट दिला. चौथ्या दिवशी मामा कुडकुडत घरी! कोट प्लॅटफॉर्मवरच्या एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला देऊन आला होता. पुढच्या आठवड्यात कुणी साहेब तपासणीला आले, तर म्हातारा कोट घालून बाकड्यावर निवांत विडी ओढत बसलेला. ड्युटीवर विडी ओढतोस म्हणून साहेबांनी त्यालाच झापलं. त्यानंही मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

मामा म्हणायचा, "माझ्या वाटणीच्या शिव्या त्यानं खाल्ल्या. कोट फिटला."

मावशीचं उलटं. पूर्णेला यायची ती चपला पिशवीत घालून, अनवाणी. गाव दिसलं की मग चपला पायात. मामीनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "रस्ता काय चपला बघतोय व्हय? माणसं बघतेत."

ती जोडी तिला नऊ वर्षं पुरली.

बहात्तरच्या दुष्काळात तिनं साठवलेलं ज्वारीचं पोतं मामाच्या घरी आणलं आणि दिवाळीची सगळी सुट्टी त्या पोत्यावर बसून काढली. मामाला पसाभरही काढता येईना. मग त्यानं दारात आलेल्या माणसाला आपल्या ताटातली भाकरी उचलून दिली. मावशीनं स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडून मामाच्या ताटात टाकली. शिव्या मात्र पूर्ण दिल्या.

मामीला एकच घोर होता, सुमनच्या लग्नाचा. लेकीसाठी ती पैपै जोडून एकेक भांडं घ्यायची आणि मामा ते कुणाला तरी देऊन मोकळा. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं, बाईकडं पाणी भरायला काही नव्हतं, तर ह्यानं सुमनची कोरी घागर दिली. त्या दिवशी मामी फार रडली. पोरगी रिकाम्या हातानं सासरी जाणार, हे तिला दिसत होतं. मावशी तर उन्हाळाभर मामाशी बोलली नाही. सुमनला काय वाटत होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आज त्याचं वाईट वाटतं.

पुढं सुमनचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी मावशी एसटीनं दोन पोती घेऊन उतरली. हमालाला पैसे कशाला, म्हणून दोन्ही स्वतःच ओढत आणली. आम्हाला वाटलं, ज्वारीच असणार. तोंडं सोडली, तर आत पितळेचा हंडा, तांबे, ताटं, वाट्या, दोन पराती! सुमन जन्मल्यापासून दर वर्षी काही ना काही घेऊन तिनं शाळेच्या खोलीत दडवून ठेवलं होतं.

मामी एकेक भांडं हातात घेऊन बघू लागली. सुमन आत्याच्या गळ्यात पडली. मामा उपरण्यानं डोळे पुसत भांड्यांकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गया, दोन पराती काय करंल ती? त्या शेजारच्या बाईच्या पोरीचंबी औंदा हाय..."

मावशीनं परात उलटी करून त्याच्यापुढं धरली. भांड्यावर नाव घालतात तसं मागं ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं. मामानं अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं:

"चि. सुमन हिस आत्याकडून. वडिलांच्या हाती देऊ नये."