आधी पाहिलेलं उत्तर

आम्ही कारध्याची माणसं हार घालायला टपलेलीच असतो. कुणाची पोरगी तलाठी झाली, घाला हार. मग आनंदराव कंडक्टरची रीना पुण्याच्या प्रयोगशाळेत अणू मोजते म्हटल्यावर विहारातला सत्कार चुकणार कसा? आनंदरावांनी बुद्धपौर्णिमेचा दिवस परस्पर ठरवला आणि तिला फोन केला, "तवरिक तुझी मोजणी होऊन जाईन ना?" ती "हो" म्हणाली आणि तिथेच फसली.

तिचं काम असं. एकाच अणूची लाट दोन वाटांनी न्यायची, एका वाटेवर विजेचा दाब ठेवायचा आणि पुढे दोन्ही वाटा एकत्र आणायच्या. तिथे अणूंचे दाट-विरळ पट्टे उमटतात. ते किती सरकले त्यावरून अणू विजेपुढे किती नमतो ते कळतं. केसाएवढी चूकही सगळं वाया घालवते, म्हणून या लोकांत एक रीत आहे. सोबतचं कुणीतरी कॉम्प्युटरातल्या उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवतं, म्हणजे खरं उत्तर दिसत नाही. सगळ्या चुका शोधून झाल्याशिवाय तो काढायचा नाही, कारण मनासारखं उत्तर दिसलं की माणूस शोधणं सोडतो.

पौर्णिमा जवळ आली, तशी रीनाने तो आकडा सोबतच्या दामिनीकडून आधीच काढून घेतला. उत्तर जुन्या मोजणीशी जुळलं आणि तिने शोधणं सोडलं. शोधनिबंध पाठवूनही झाला. मग दामिनीलाच सापडलं की विजेचा दाब देणाऱ्या धातूच्या पाट्या किंचित तिरक्या बसल्या होत्या. उत्तर चुकलं होतं. निबंध परत मागवावा लागला.

विहाराच्या अंगणात तिने हे बापाला सांगितलं. ते म्हणाले, "शाल आनून झाली, पोरी. आज चूप राय."

ती चूप राहिली. खांद्यावर शाल आली, टाळ्या पडल्या. ती मान खाली घालून बसली, तर शेजारच्या पार्वताबाई कौतुकानं म्हणाल्या, "पाह्य, एवढी मोठी झाली, पन किती लाजते." ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माईक मागून घेतला.

"मी उत्तर आधी पाहिलं. मोजणी चुकली. ही शाल माझी नाही."

मग आम्ही शहाण्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. पोरगी खरं बोलली म्हणे! तिला कुठे तोंड लपवावं कळेना.

टाळी वाजवली नाही ती एकट्या आनंदरावांनी. सख्ख्या भावालाही कधी तिकिटाशिवाय बसू न दिलेला माणूस. ते उठले, तिच्या खांद्यावरची शाल काढली आणि तिची घडी घालू लागले.

"घाई माही होती," ते हळूच म्हणाले, "पन पाहाले तुले कोनं सांगतलं होतं?"