रिकाम्या पिशवीची ओरड

धर्मपालनं बहिणीच्या दुखण्यावर उपाय म्हणून शेंदूरजनाघाटहून टोपलीभर संत्री आणली आणि आठवडाभर तिला रस पाजला. त्या उपकारानं सुंदराबाईची लघवीची पिशवी अशी पेटली, की दर्यापूरहून अकोल्याला डॉक्टरकडे जाताना जीप सारखी थांबवावी लागली.

"मावशी, घरून करून निघाचं ना!" ड्रायव्हर म्हणाला.

"करूनच निघाली!" सुंदराबाई करवादली.

अंगणवाडी सांभाळणारी ही बाई दोन वर्षं ओटीपोट दाबून फिरत होती. लघवीची तपासणी दर वेळी स्वच्छ. मग दर्यापूरचे डॉक्टर म्हणायचे, "टेन्शन आहे. यंदा कापूस बुडाला, दिवसच असे."

"कापूस काय माह्या पोटात बुडाला?" ती विचारायची. धर्मपाल मात्र डॉक्टरांच्याच बाजूनं मान डोलवायचा.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पिशवी ताणली, की तिच्या अस्तरातल्या पेशी रसायन सोडून नसांना निरोप देतात. तुमच्या पेशी बहुधा थोड्याशा लघवीलाही 'भरली, भरली' म्हणून ओरडतात. दुखणं खरं आहे. औषधाला वेळ लागेल. आंबट मात्र बंद."

संत्र्यांचा विषय धर्मपालनं काढलाच नाही.

परतीच्या जीपमध्ये माणसं दाराला लोंबकळत होती, तरी ड्रायव्हर "जागा आहे, या" म्हणत होता. धर्मपालनं सगळ्यांना पेशींचा कारभार समजावून सांगितला आणि ऐटीत विचारलं, "ताई, दुखणं खरं निघालं! आता तरी बरं वाटून राहिलं ना तुले?"

"जीप थांबव."