गळक्या छताचं पूर्ण बिल

आजही छपरावर पाऊस वाजला की माझं डोकं सटकतं. बायको म्हणते, वय झालं, सोड आता. का सोडू?

इंग्लंडमधल्या मेडनहेड गावात एका बंद पडलेल्या दुकानात तिचा स्वतःचा दातांचा दवाखाना निघणार होता. ती दिवसभर दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये दाढा काढायची, म्हणून बिल्डरला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरवाला, ड्रिल हातात घेतलं की घरातले लोक खोली सोडतात. पण पुण्यात वडिलांनी घराला रंग लावून घेताना पाहिलं होतं, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा.

वडिलांची पद्धत अशी, की काम पसंत नसलं तर बोलायचं नाही. शेवटचा हप्ता नुसता अडकवून ठेवायचा. रंगारी आपणहून येतो. मग त्याला चहा द्यायचा आणि भिंतीकडे बोट दाखवायचं. तो मुकाट्याने काम नीट करतो आणि पैसे घेऊन जातो.

आर्किटेक्टने बिल्डरचं शेवटचं बिल मंजूर केलं आणि लगेच मागच्या खोलीचं नवंकोरं छत गळायला लागलं. त्या खोलीत दुसरी डेंटल चेअर बसायची होती. ती बसली तरच दुसरा डेंटिस्ट ठेवता येणार, आणि बायकोचं सगळं गणित त्यावरच. मी पैसे अडकवले आणि चहाची तयारी ठेवली.

बिल्डर आला नाही. ॲडज्युडिकेशनची नोटीस आली.

मी सॉलिसिटरला फोन केला. तिने विचारलं, "पैसे का आणि किती कापणार, हे मुदतीआधी लेखी कळवलंत ना?"

"नाही. तो मागायला आला की सांगणार होतो."



ॲडज्युडिकेटर म्हणजे बांधकामातले पैशांचे तंटे काही आठवड्यांत निकाली काढणारा माणूस. पुढे कोर्टात जायचं तर जा, पण तो सांगेल ते पैसे आधी भरा. मीटिंग मी मुद्दाम त्या गळक्या खोलीतच ठेवली. बाहेर धो धो पाऊस, आत बादलीत टप टप. मनात म्हटलं, आता बोल! ॲडज्युडिकेटरच्या फाईलवर थेंब पडला. त्याने रुमालाने पुसला आणि खुर्ची जरा सरकवली.

"गळती दिसते आहे," तो म्हणाला, "पण लेखी नोटीस नसल्यामुळे ती माझ्यापुढे नाही."

"बरोबर आहे, ती तुमच्या डोक्यावर आहे!"

तो हसला नाही. बिल्डर मात्र हसला आणि जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "पर्सनल काही नाही हं, मेट." त्याच्या डोक्यावर बादली उपडी करावीशी वाटली. केली नाही. मध्यमवर्गीय माणूस, म्हणून "थँक यू" म्हणालो. त्या 'थँक यू'चा मला राग वेगळाच.

निकाल आला: पूर्ण बिल, वर व्याज, आणि त्या कोरड्या माणसाची फीसुद्धा आम्हीच द्यायची.

बायकोने कागद वाचला. "एक ओळ लिहून का नाही दिलीस?"

"अगं, लगेच लेखी द्यायचं म्हणजे भांडण काढल्यासारखं..."

"प्रिंटर बंद पडला तर अख्ख्या ऑफिसला ईमेल करतोस तू!"



छताच्या भरपाईसाठी कोर्टात जाता येईल, असं सॉलिसिटर म्हणाली. बायकोने तिची फी विचारली आणि फोन ठेवला. चेअरसाठी बाजूला काढलेले पैसे बिल्डरला गेले. चेअरची ऑर्डर तिने स्वतः रद्द केली. मला करू दिली नाही.

दवाखाना एकाच चेअरवर उघडला. दुसरा डेंटिस्ट नाही, म्हणून शनिवारीही तीच उभी. मागच्या गळक्या खोलीत मी लादी पुसत बिल्डरला, ॲडज्युडिकेटरला आणि हा कायदा करणाऱ्या सगळ्यांना अस्सल मराठीत शिव्या घालत होतो. दार किलकिलं झालं. मास्कच्या वर तिचे दमलेले डोळे.

"हळू," ती म्हणाली. "खुर्चीतल्या काकू सोलापूरच्या आहेत."