आधी ठिपका, मग पाना

गॅरेजवाल्याला सगळं गाव उस्ताद म्हणायचं आणि तो कधी नको म्हणायचा नाही, कारण त्याला ते पटायचं. नट पान्याने पिळून झाला की तो त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे उस्तादचा शब्द. गिऱ्हाईक ठिपका बघायचं आणि बिनधास्त किक मारायचं.

त्या शनिवारी शेजारच्या गावातल्या बारमध्ये जेवायचा बेत होता. भावोजींच्या गाडीचं मागचं चाक दुपारीच काढून बसवलं होतं. भावोजी घाईचा गडी. ठिपका दिसताच त्यांनी ताईला मागे बसवलं. "मेहुणे, टेबल धरून ठेवतो, तुम्ही या गोगलगायीसारखे!" असं ओरडत ते पसार झाले.

उस्ताद बायकोला घेऊन निघाला तेव्हा उन्हं कलली होती. पानगळीचे दिवस, रस्ताभर ओली पानं चिकटलेली, थंडी बाह्यांतून आत शिरत होती. बायको कानाशी ओरडली, "अहो, शेजारचा प्लंबर पाना गिळून बसला वाटतं! सकाळी मोठा नेला, अजून पत्ता नाही."

"कोणता मोठा?"

"चाकाचा! दुसरा आहे का आपल्याकडे?"

त्या पान्याशिवाय चाकाचा नट पिळताच येत नाही. मग दुपारी आपण काय पिळलं? आता लख्ख आठवलं. नट नुसता बोटांनी बसवला, तेवढ्यात जेवायची हाक आली. दुसऱ्या गाडीसाठी रंगाची डबी उघडीच होती, ब्रश वाळत होता, म्हणून इथलाही ठिपका देऊन टाकला. पाना मग फिरवू म्हटलं. ते 'मग' तसंच राहून गेलं.

"ताईला फोन लाव!"

"वाजतोय. उचलत नाहीत. झालं काय?"

त्याने नुसता वेग वाढवला. प्रत्येक वळणावर नजर आधी चरात जायची. एका वळणावर चार माणसं रस्त्याकडेला वाकलेली दिसली. त्याने ब्रेक दाबला तशी गाडी पानांवरून घसरली, कशीबशी सावरली. माणसं टेम्पोचं चाक बदलत होती.

"मला वर पोचवताय का? बोला ना!"

"ठिपका दिलाय. नट पिळलेला नाही."

बायकोने पुन्हा ताईला फोन लावला. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बारसमोरच्या रांगेत भावोजींची गाडी उभी होती. उस्ताद हेल्मेटसकट खाली बसला. नट शेवटच्या आट्यांवर आला होता, दोन बोटांनी फिरत होता. काचेतून ताई दिसली. मासा तोंडात आणि कशावर तरी खळखळून हसणं चाललेलं.

चेनचा आवाज येतोय, परत जाताना ही गाडी मी नेतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. बायकोने ते त्याच्या तोंडावर वाचलं. "मी बोलणार नाही काही," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही ठरवा."

आत भावोजी पेला उंचावून म्हणाले, "आले! मेहुणे, कुणी धुतलं की काय वाटेत? तोंड बघा!"

"भावोजी, तुमच्या चाकाचा नट मी पिळलाच नव्हता. ठिपका खोटा आहे."

आवाज जरा जास्तच चढला. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. ताईने काटा ताटात ठेवला. "म्हणजे आम्ही इथवर..."

गल्ल्यावरचा बारमालक पुढे झाला. "उस्ताद, माझ्याही गाडीवर तुमचाच ठिपका आहे. तिच्यावर मी पोरीला सोडतो शाळेत." मागे एक खुर्ची सरकली, मग दुसरी.

एकदा चुकलो म्हणून काय फासावर देता, असं उस्तादच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. "मोठा पाना आहे कुणाकडे?"

मालकाने गल्ल्याखालून एक गंजका पाना काढून दिला. ताई फोनचा टॉर्च धरून सोबत बाहेर आली.

"ताई, आत जा. जेवण गार होतंय."

"पीळ."

त्याने अंगातलं सगळं बळ लावून पिळला.

"पिळलास?"

"पिळला."

ती तशीच मातीत उकिडवी बसली, त्याच्या हातातून पाना घेतला आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिला. नट जागचा हलला नाही. आतून उठून आलेली माणसं आपापल्या गाडीपाशी उभी होती.

"हं," पाना परत देत ती म्हणाली. "आता यांच्या बघ."