झोपलेल्या माणसाचा पंखा

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घरात कोणाला डोळा लागला की उठून पंखा बंद करायचे. इंग्रजांचं राज्य होतं, धंतोलीत आमच्याकडे वीज नवीन होती आणि साऱ्या घरात एकच टेबलपंखा. मोठेबाबांचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं, ददात कसलीच नव्हती. "जाग्या माणसाले वारा लागते. झोपलेल्याले काय समजून राह्यलं? फुकट जाते ना गा वीज," असं ते माझ्या वडिलांना समजावत.

मे महिन्यातल्या दुपारी आम्ही त्यावर तोड काढली होती. डोळे मिटायचे, पण पायाचा अंगठा हलवत राहायचा. अंगठा हलतोय तोवर माणूस जागा, हे मोठेबाबांनाही मान्य होतं. मी त्यात इतकी तयार झाले की अंगठा हलवता हलवता घोरू लागले. "काहून वं, अंगठा जागा अन् तू झोपली?" म्हणून पंखा बंद.

त्या उन्हाळ्यात मोठ्या आईला, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोला, ऊन लागलं. पन्हं झालं, ओल्या पट्ट्या झाल्या, ताप उतरेना. मोठेबाबांनी दुकान सोडलं आणि पंखा तिच्या खाटेशी लावून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तिची वाचा गेली. अंगठा तेवढा हलायचा. "हलव वं, हलव. चालू हाये पंखा," ते म्हणायचे.

चौथ्या दुपारी अंगठा थांबला. मोठेबाबा सवयीनं उठले, बटण बंद केलं, परत येऊन बसले. "लागली वाटते झोप. बरं झालं," मला म्हणाले. मी पाण्याची वाटी घेऊन दारात उभी होते. पंख्याची घरघर थांबली. आता तिचा श्वास ऐकू यायला हवा होता.

डॉक्टर म्हणाले, पंख्यानं काही फरक पडला नसता. मोठेबाबांना ते पटलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "पह्यले बटन बंद केलं म्या, मंग तिच्याकडं पाह्यलं." पुढं कितीतरी दुपारी रिकाम्या खाटेवर पंखा फिरत राहिला. तो बंद करायची कोणाची छाती झाली नाही.

आता मी पन्नाशीला आले. खोलीतून निघताना दिवा मालवते, इस्त्री तापली की बटण बंद करते. मुलं मला 'मोठेबाबा' म्हणून चिडवतात आणि मी आणखी एक दिवा मालवते. पण कोणी झोपलेलं असलं की पंख्याकडे गेलेला हात मागे येतो. आधी अंगठा पाहते. मग वाकून श्वास ऐकते. आमचे हे दचकून जागे होतात, "काय झालं?" विचारतात.

"काही नाही, झोपा. पंखा चालू आहे."